बाहीवरची तुटक पट्टी बघणारे प्रेक्षक

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत चाहत्यांनी स्वतःच काढलेल्या विज्ञानपटांवर लेख आला होता. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं: दुसऱ्याच्या मालिकेतली पात्रं उचलायची, प्लायवूडचं अवकाशयान उभं करायचं, मित्रांच्या अंगावर गणवेश चढवायचे आणि यूट्यूबवर टाकून मोकळं व्हायचं, ही कल्पनेची उसनवारी आहे. आणि हे आवडीनं बघणारे प्रेक्षक भाबडे. त्यांना हलणारी भिंतसुद्धा दिसत नाही. उसनवारीबद्दल पुढे बोलेन, पण पत्र लिहायला बसले ते या भाबडेपणाच्या आरोपामुळे. लेखक ज्यांना भाबडे म्हणतात त्यांच्याइतका कीस काढणारा प्रेक्षक मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

सांगलीत मी शिवणकाम करते आणि जोडीला हौशी नाटकांची वेशभूषा. राज्य नाट्य स्पर्धेपासून शाळांच्या गॅदरिंगपर्यंत सगळं. मावळ्यांच्या बाराबंद्या, पोलिसांचे खाकी शर्ट, वारकऱ्यांची धोतरं आणि उपरणी, असा माझा बहुतेक माल. हिचा अवकाशयानाशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संबंध दूरदर्शनमुळे आला. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं. मूळची ती अमेरिकेतली १९६६ ते १९६९ या काळातली ७९ भागांची मालिका. आपल्या घरात पोचेपर्यंत ती शिळी झाली होती, पण आम्हाला काय त्याचं. टीव्ही शेजाऱ्यांचा, तोही ब्लॅक अँड व्हाईट. इंग्रजी संवाद निम्मे डोक्यावरून जायचे. मी कपडे बघायचे. त्या माणसांच्या अंगरख्याला पुढून एकही बटण नाही, गळा तर गच्च, मग तो डोक्यातून जातो कसा, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला. विचारणार कुणाला?

उत्तर मिळालं ते पुष्कळ वर्षांनी, पुतण्यानं मोबाइलवर असल्याच एका हौशी मंडळींचं काम दाखवलं तेव्हा. बाही रॅगलान पद्धतीची आहे, आणि गळ्यापासून काखेकडे तिरकी उतरते त्या शिलाईत चेन दडवलेली असते. बाहेरून फक्त शिवण दिसते. त्याहून मोठा धक्का रंगाचा होता. त्या यानाचा कप्तान कर्क, त्याचा शर्ट सगळी दुनिया सोनेरी समजते. रंगीत टीव्हीवर तो सोनेरीच दिसतो. प्रत्यक्षात ते कापड पिवळसर हिरवं होतं! व्हेलूर नावाचं मखमलीच्या जातीचं, लव असलेलं कापड. स्टुडिओतले दिवे आणि त्या वेळची फिल्म यांत त्याचा हिरवा रंग मरायचा आणि सोनेरी उरायचा. शिवाय धुतलं की आटायचं, म्हणून तिसऱ्या वर्षी ते सोडून नायलॉनचं विणीचं कापड आणलं. मूळ वेशभूषाकार विल्यम वेअर थीस. मला त्यांच्या अडचणी कुणी समजावून सांगायला नकोत. दिव्यावर अंबर, म्हणजे पिवळट जिलेटीन लावलं की निळं नऊवार काळं पडतं, हे पहिल्या रंगीत तालमीला कळून रात्रीत दुसरं शोधत हिंडलेली मी बाई आहे.

आता या हौशी लोकांपुढचा पेच बघा. गणवेश शिवायचा तर सोनेरी शिवायचा, की हिरवा? सोनेरी शिवला तर प्रेक्षकाच्या आठवणीतलं दिसतं. हिरवा शिवला तर कापड खरं होतं, पण आजचा डिजिटल कॅमेरा त्याला सोनेरी करेलच असं नाही. मग दिवे त्या हिशेबानं लावा, नंतर संगणकावर रंग दुरुस्त करा. यावर माणसं वर्षानुवर्षं भांडलेली आहेत. आणि भांडणारे निव्वळ शिवणारे नाहीत, बघणारेसुद्धा आहेत. कप्तानाच्या बाहीवर दोन अखंड सोनेरी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये एक तुटक, डॉक्टरच्या बाहीवर एक अखंड आणि एक तुटक, नव्या पोराच्या बाहीवर काहीच नाही. तुटक पट्टीतलं अंतर चुकलं तर दहा हजार मैलांवरचा प्रेक्षक हात वर करतो. याला भाबडेपणा म्हणायचं?

भिंत हलते हे त्यांना दिसतं, लेखकमहाशय. सगळ्यांच्या आधी दिसतं. ते त्या भिंतीवरचं बटण मोजून झाल्यावर कथेकडे वळतात.

लेखात दोन ओळींत उरकलेलं एक उदाहरण मी जरा सावकाश सांगते, कारण तिथेच सगळी मौज आहे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला टायकॉन्डेरोगा नावाचं छोटं गाव आहे. तिथला जेम्स कॉली हा माणूस व्यवसायानं एल्व्हिस प्रेस्लीचा पोशाख करून त्याची गाणी म्हणणारा. त्याच्याकडे मूळ मालिकेच्या सेटचे नकाशे होते, आणि ते थीस यांच्याकडून आलेले. म्हणजे कपडेवाल्या माणसाकडून! (आमच्या खात्यातली माणसं कागद जपून ठेवतात, एवढं नोंदवून ठेवते.) त्या नकाशांवरून कॉली आणि त्याच्या मित्रांनी यानाचा नियंत्रणकक्ष, बोळ, दवाखाना, माणसं अदृश्य होऊन पाठवायची ती खोली, असं एकेक उभं केलं. २००४ साली त्यांचा पहिला भाग इंटरनेटवर आला. मालिका तीन वर्षांत बंद पडली होती, यानाची मोहीम मात्र पाच वर्षांची सांगितलेली. राहिलेलं चौथं वर्ष आपण पूर्ण करू, असा यांचा हिशेब. कर्कचं काम कॉली स्वतः करायचा.

पहिला भाग मी पाहिला. अभिनय बेतास बात, संवाद लांबण लावलेले, आवाज विहिरीतून आल्यासारखा. खोटं कशाला बोलू? पण सेट आणि कपडे बघताना मी दोनदा थांबवून मागे गेले. कॉलरीची काळी पट्टी बरोबर होती. विजारीचा पाय बुटावर जिथे पडायला हवा तिथेच पडत होता.

पुढे काय झालं ते लेखकानं सांगितलेलंच नाही. मूळ मालिकेतली माणसं या पोरांकडे चालत आली. चेकॉव्हचं काम करणारे वॉल्टर कोनिग २००६ च्या भागात आले, आणि तो भाग लिहिला होता मूळ मालिकेच्या लेखिका डी. सी. फोंटाना यांनी. २००७ साली सुलूचं काम करणारे जॉर्ज टाकेई आले. त्या गोष्टीत सुलू अपघातानं दुसऱ्याच जगात अडकतो, तिथे त्याची तीस वर्षं जातात, आणि तो म्हातारा होऊन यानावर परततो. यानावर मात्र थोडाच वेळ गेलेला असतो. टाकेई तेव्हा सत्तरीत होते. मेकअप करून तरुणाचा म्हातारा केलेला नाही, म्हातारा झालेला तोच माणूस त्याच भूमिकेत. असं काम मूळ कंपनीनं त्यांना दिलं असतं का? या भागाला ह्यूगो पुरस्काराचं नामांकन मिळालं. विज्ञानसाहित्यातला हा मोठा मान, आणि नामांकनाच्या यादीत धंदेवाईक मालिकांच्या रांगेत हे हौशी काम. पुरस्कार दुसऱ्याला गेला, ते असो.

डेव्हिड गेरोल्ड यांचं उदाहरण तर मला फार आवडतं. मूळ मालिकेसाठी लिहिणारा हा लेखक. पुढच्या पिढीची मालिका सुरू झाली तेव्हा त्यांनी एक कथा लिहिली होती. एड्सची भीती तिच्या मुळाशी होती आणि तिच्यात दोन पुरुषांचं प्रेम होतं. ती चित्रित झाली नाही, कपाटात पडली. वीस वर्षांनी या हौशी मंडळींनी ती दोन भागांत केली आणि दिग्दर्शन खुद्द गेरोल्ड यांनी केलं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका गटानं तर २००० ते २००७ मध्ये हिरव्या पडद्यासमोर (संगणकावर तो रंग पुसून मागे हवं ते दृश्य बसवतात) पन्नास भाग काढले, आणि त्यातही समलिंगी पात्रं होती. अधिकृत मालिकेत असं जोडपं उघडपणे यायला २०१७ उजाडावं लागलं. आता सांगा, उसनवारी कुणी कुणाकडून केली?

जॉर्जिया राज्यातल्या किंग्सलंडमध्ये आणखी एका गटानं २०१३ ते २०१७ मध्ये अकरा भाग केले. कामाच्या सफाईत तो सगळ्यांत पुढे. त्यात स्कॉटीचं काम केलं क्रिस डूहान यांनी. मूळ स्कॉटी म्हणजे त्यांचे वडील जेम्स डूहान. १९६७ साली अपोलो देवाचं काम केलेले मायकेल फॉरेस्ट तब्बल पंचेचाळीसहून अधिक वर्षांनी तीच भूमिका करायला परत आले. आणि टीव्हीवर हिरवा राक्षस झालेले लू फेरिग्नो इथे पुन्हा अंगाला हिरवा रंग फासून आले. ही शेवटची गंमत ज्याला कळते तो प्रेक्षक खुर्चीत जरा पुढे सरकून बसतो. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी तो नुसता एक हिरवा माणूस.

हे आकर्षण काय असतं ते सांगलीच्या माणसाला समजायला अवघड जाऊ नये. 'सौभद्र' १८८२ सालचं. सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे नाट्यगृहात शिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, पदं पाठ असतात. तरी माणसं तिकीट काढतात, कारण आज हा कसा म्हणतो ते ऐकायचं असतं. तान कुठे घेतली, कुठली जागा सोडली, शालू कसा नेसवलाय. पहिल्या रांगेतले म्हातारे मला मध्यंतरात गाठून पैठणीच्या पदराबद्दल बोलून गेलेले आहेत, आणि ते रागानं बोलत नव्हते. त्यांना बघण्यातलं सुख मिळालं होतं आणि ते कुणाला तरी सांगायचं होतं. ज्या गोष्टीचा काना-मात्रा आपल्याला पाठ आहे ती दुसऱ्या कुणीतरी, पैसे न घेता, मन लावून पुन्हा मांडताना बघणं, यात नवी गोष्ट बघण्याहून वेगळी चव आहे. ती चव ज्याला लागलेली नाही त्यानं ती नसतेच असं लिहू नये.

आता कायद्याचं. इथे लेखकाची बाजू काही अंशी खरी आहे. २०१४ साली एका गटानं वीसेक मिनिटांची फिल्म काढली, मालिकेतल्या क्लिंगॉन या परग्रहवासीयांशी झालेल्या युद्धाबद्दल माहितीपटाच्या ढंगातली. ती झकास होती. तिच्या जोरावर त्यांनी पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी लोकांकडून दहा लाख डॉलरहून जास्त वर्गणी गोळा केली. स्टुडिओ घेतला, धंदेवाईक कलावंत घेतले. २९ डिसेंबर २०१५ ला 'स्टार ट्रेक'चे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंट या कंपन्यांनी दावा ठोकला. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयानं सांगितलं की हा न्याय्य वापर (म्हणजे मालकाला न विचारता कायद्यानं चालतो तेवढा वापर) होत नाही, आणि त्याच महिन्यात तडजोड झाली: पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग काढा, बस्स. माझी सहानुभूती इथे कंपन्यांकडे आहे, हे ऐकून पुतण्या माझ्यावर चिडतो. पण दहा लाख डॉलर गोळा करून स्वतःला हौशी म्हणवून घ्यायचं नसतं. हौशी रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या बाईला एवढं कळतं. (या खटल्यात कंपन्यांनी क्लिंगॉन भाषेवरही हक्क सांगितला होता. तेव्हा भाषा घडवणाऱ्यांच्या एका संस्थेनं न्यायालयात जे निवेदन दिलं त्यात मधूनमधून चक्क क्लिंगॉनमध्ये वाक्यं होती. वकील लोकांनाही हौस असते.)

मात्र त्या प्रकरणातून जून २०१६ मध्ये जे नियम आले, त्यांच्यामुळे "चाहतेपट संपले, आणि बरं झालं" असं लेखक म्हणतात, तिथे मी अडते. नियम मी पुतण्याकडून वाचून घेतले. एक गोष्ट पंधरा मिनिटांच्या आत. फार तर दोन भाग, मिळून तीस मिनिटं. मालिका काढायची नाही. शीर्षकात 'स्टार ट्रेक' हे नाव नको, पण खाली ही चाहत्यांची निर्मिती आहे असं ठरावीक शब्दांत लिहायचं. वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत. कमाई करायची नाही, डीव्हीडी विकायची नाही. काम करणारे सगळे बिनपगारी हौशी. कुटुंबासोबत बघता येईल असंच दाखवायचं. आणि हे लेखकानं वाचलेलं दिसत नाही: कथा स्वतःची हवी, जुन्या भागाची नक्कल किंवा त्यातली दृश्यं चालणार नाहीत. म्हणजे खुद्द मालक सांगतोय की नवं रचा. उसनवारीच्या आरोपाचं काय उरलं?

यातले बहुतेक नियम मला पटतात. बाजारात मिळणारे गणवेश वापरायचे तर ते अधिकृतच हवेत, नकली माल नको, हाही पटतो. पायरेटेड बाराबंद्या विकणारे आमच्याकडेही आहेत. पंधरा मिनिटांचं बंधन जाचक आहे, पण एकांकिका लिहिणाऱ्याला विचारा, वेळेच्या घंटेनं कुणाचं भलंच झालेलं आहे. मला खुपतो तो एकच नियम. ज्यानं कधीही अधिकृत मालिकेत काम केलंय तो माणूस चाहत्यांच्या फिल्ममध्ये चालणार नाही. म्हणजे टाकेईंचा तो म्हातारा सुलू आज होऊ शकत नाही. गेरोल्ड यांची कपाटातली कथा कपाटातच राहते. जुना नट, जुना शिंपी, जुना सुतार यांनी पोरांच्या तालमीला येऊन बसायचं नाही. पैशाचा धाक समजू शकते, पण म्हाताऱ्या माणसांचा कसला धाक?

हे नियम आल्यावर टायकॉन्डेरोगाचं काय झालं तेही लेखात यायला हवं होतं. कॉलीनं चित्रीकरण थांबवलं, आणि त्याच वर्षी कंपनीचा परवाना घेऊन तो सेट लोकांना बघायला खुला केला. आता तिथे तिकीट काढून जाता येतं, आणि मूळ कर्क विल्यम शॅटनर स्वतः तिथे येऊन त्या खुर्चीत बसून गेले आहेत. खरा सेट मालिका संपल्यावर मोडून टाकला होता. आज जो कुणाला बघायला मिळतो तो चाहत्यानं ठोकलेला.

दुसऱ्या देशांबद्दल लेखात काहीच नाही, म्हणून दोन गोष्टी धावत सांगते. फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात पोरांच्या एका टोळीनं सात वर्षं खपून एक विडंबनपट केला, २००५ साली इंटरनेटवर फुकट सोडला. यानाचा सगळा अंतर्भाग संगणकात. प्रत्यक्षात नट उभे होते एकाच्या दोन खोल्यांच्या घरात, निळ्या लिनोलियमच्या तुकड्यावर. हीच मंडळी पुढे खरा चित्रपट काढून थिएटरात गेली. आणि १९७८ साली, 'स्टार वॉर्स' येऊन वर्षही झालं असेल नसेल तेव्हा, अमेरिकेत एर्नी फोसेलियस यांनी तेरा मिनिटांचं विडंबन केलं त्यात अवकाशयानं म्हणून चक्क टोस्टर आणि इस्त्री उडतात. इस्त्रीला यान होताना बघून मला जे हसू फुटलं त्याला तोड नाही. 'स्टार वॉर्स'च्या कंपनीनं तर २००२ पासून चाहत्यांच्या फिल्मची अधिकृत स्पर्धाच भरवली. आधी फक्त विडंबनं आणि माहितीपट घ्यायचे, २००७ पासून कथाही घ्यायला लागले. पुढे चाहत्यांनी मूळ चित्रपटाचे पंधरा-पंधरा सेकंदांचे तुकडे केले, एकेक तुकडा जगभरातल्या वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या घरात चित्रित केला, कुणी बाहुल्या वापरून, कुणी घरातल्या माणसांना घेऊन, आणि सगळे जोडून पूर्ण चित्रपट झाला. त्याला २०१० साली एमी हा अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला.

पण परदेशाचं राहू द्या. मराठी वर्तमानपत्रातल्या या विषयावरच्या लेखात मालेगावचं नाव नसावं, हे मला कळतच नाही. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी तिथे 'मालेगाव के शोले' काढला, आणि मग सुपरमॅन हाती घेतला. क्रिप्टन ग्रहावरून आलेला माणूस म्हणजे विज्ञानकथाच की! सुपरमॅन कोण, तर शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा काटकुळा तरुण. कॅमेरा उचलायला क्रेन म्हणून बैलगाडी, ट्रॉली म्हणून सायकल, उडायला हिरवा पडदा. फैजा अहमद खान यांनी त्या चित्रीकरणावर २००८ साली माहितीपट केला, तो जरूर बघावा. मधेच कॅमेरा पाण्यात पडतो, मधेच सुपरमॅनचं लग्न निघतं. शफीक पुढे तोंडाच्या कर्करोगानं लवकर गेला. आता २०२५ च्या फेब्रुवारीत या मंडळींवर मोठा हिंदी चित्रपटही येऊन गेला. हॉलिवूडच्या त्या झग्यावर मालेगावच्या माणसांचा जीव होता आणि त्याची टिंगलही त्यांनाच करता येत होती. जीव असल्याशिवाय अशी टिंगल साधत नाही. बैलगाडी कॅमेऱ्याला जुंपणाऱ्या माणसाची कल्पना उसनी, असं मालेगावात जाऊन म्हणून दाखवा.

लेखाच्या शेवटी तरुणांना उपदेश आहे की यात वेळ घालवू नका. तो उपदेश आमच्याकडे उशिरा पोचला. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजची काही मुलं बारा मिनिटांची गोष्ट करताहेत, मराठीत. गोष्ट त्यांची स्वतःची आहे. कप्तान मिरजेची मुलगी आहे, आणि तिनं यानावर प्रमाण मराठी बोलावं की आमच्याकडचं, यावर त्यांच्यात दोन तट पडले आहेत. ("इंजिन बंद पडलंय की ओ मॅडम" हे वाक्य राहावं असं माझं मत, पण मला मत नाही, मी कपडेवाली.) शीर्षकात मालिकेचं नाव नाही, खाली चाहत्यांची निर्मिती हे लिहायचं ठरलंय, वर्गणी म्हणाल तर आपापल्या खिशातून. मापं घेऊन झाली आहेत. शिलाई मी घेणार नाही म्हटल्यावर मुलांनी दोऱ्याची रिळं आणून ठेवली.

अडलंय ते पडद्यावर. हिरव्या पडद्यासमोर उभं केलं तर हिरव्या शर्टातली कप्तान धडासकट गायब होते, फक्त मुंडकं आणि हात उरतात. निळा पडदा लावला तर निळ्या शर्टाचा डॉक्टर जातो. एकानं सुचवलं, कप्तानाला सोनेरीच शिवा, कुणाला कळतंय. बाकीच्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा बोलला नाही. शेवटी पडद्याचा नाद सोडून कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये प्लायची भिंत ठोकायचं ठरलं. ती थोडी हलते. आडव्या पट्ट्या मारायला सांगितल्या आहेत.

निळं आणि लाल कापड मिळालं. पिवळसर हिरवं व्हेलूर मात्र सांगली, मिरज, इचलकरंजी, कुठेच मिळेना. दुकानदार एकतर बाटलीहिरवं दाखवतात नाहीतर पोपटी. साधारण चार मीटर हवंय, लव आखूड, दोन्ही बाजूंनी ताणणारं असेल तर उत्तम. एखाद्या वाचकाच्या दुकानात जुना तागा पडून असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. रोख पैसे देऊ. कापड आधी धुऊन, आटवूनच कापणार आहे.

आपली,
एक वेशभूषाकार
विश्रामबाग, सांगली